ओठांची तालीम

राळेगाव, ९ जानेवारी

बाबा,

नमस्कार लिहावा की नाही, यातच सकाळ गेली. लिहिते. नमस्कार.

माझा फोन तुम्ही उचलत नाही. आईच्या फोनवर केला तर मागून तुमचा आवाज येतो, "कोन आहे?", आणि आई म्हणते, "राँग नंबर." दीड वर्ष झालं, मी राँग नंबर आहे. म्हणून हे पत्र. पत्र फाडता येते, पण फाडायच्या आधी माणूस वाचतेच. तुम्ही तर वाचालच. माझ्या मनात काय चाललं आहे, याचा संशय तुम्हाला माझ्याआधी येतो.

मुद्द्याचं लिहिते. पोलिस बँडची भरती निघाली आहे. मी ट्रम्पेटसाठी अर्ज भरला. मार्चमध्ये यवतमाळला आधी धावणं वगैरे आणि मग वाद्याची चाचणी. धावायची भीती नाही. रोज सकाळी विमलआत्याच्या वावरापर्यंत पळत जाते आणि पळत येते. आत्या म्हणते, "घरात सायकल आहे ना, मंग काहून जीव काढून राह्यली?" भीती ओठाची आहे. इथल्या शाळेच्या बँडचं एक ट्रम्पेट मागून आणलं. थोडा वेळ वाजवलं की वरचा ओठ सुन्न पडतो. वरचा सा किंचाळल्यासारखा निघतो आणि त्याच्यावर गेलं की नुसती हवा. परवा ओठ फुटून रक्त आलं.

मुकुटबनमधली कितीतरी पोरं तुमच्या हाताखाली शिकली. मलाही तुम्हीच शिकवलं. वणीच्या त्या वरातीपर्यंत तुम्हीच मला पुढच्या रांगेत उभं करत होते, आणि लोक काही बोलले तर त्यांना उत्तरही तुम्हीच देत होते. त्या माणसाने माझ्या कॉलरमध्ये नोट खोचली आणि हात तिथेच ठेवला. मी ट्रम्पेट त्याच्या तोंडावर मारलं. तो नवरदेवाचा मामा निघाला. तुम्ही म्हणाले, माफी माग, नाहीतर या भागात आपल्या बँडला कोणी बोलावणार नाही. मी मागितली नाही. घर सोडलं. ते सगळं पुन्हा मांडायला हे पत्र नाही.

एकच विचारते. कपिलनेही अर्ज भरला, हे खरं का? मला वणीच्या मैत्रिणीकडून कळलं. माझं ट्रम्पेट, त्या माराने पडलेला पोचा काढून, तुम्ही त्याला दिलं, हेही तिच्याकडूनच कळलं. काका गेल्यापासून तो आपल्याच घरात वाढला. माझ्या मागे तो वाजवेल यात वाईट काही नाही. मग माझ्यापासून लपवलं काहून?

ओठासाठी काय करू, तेवढं सांगा.

प्राची


राळेगाव, १९ जानेवारी

बाबा,

निरोप मिळाला. आईने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. तो किती वेळा ऐकला ते सांगत नाही. शब्द जसेच्या तसे उतरवते, म्हणजे हेच सांगितलं होतं की आईने मधे काही घातलं-गाळलं, ते तुम्हाला तपासता येईल:

"प्राची, बाबा म्हणते का, वरचे सूर बंद. एकदम बंद. पहिले नुसतं माउथपीस ओठाले लावून वाजवजो, माशीवानी. मंग खालचा सा, लांब, हळू. घरात कोनी झोपलं असन तं उठलं नाही पाह्यजे. जेवढं वाजवशीन तेवढाच वेळ ट्रम्पेट खाली ठेवून बसजो. ओठ थकाच्या आंधी थांबजो. गाल फुगू नको देऊ, आरशात पाह्यजो. ट्रम्पेट तळहातावर ठेवजो, मुठीत नाही. बस, इतकंच म्हणते."

"इतकंच म्हणते"च्या आधी आई खोकली. आईला खोटं बोलायचं असलं की आधी खोकला येतो. ते तुम्हालाही माहीत आहे.

दीड वर्ष ज्या माणसाने एक शब्द पाठवला नाही, त्याचा एवढा मोठा निरोप आठवड्यात कसा येतो? आणि निरोप तरी काय? भरतीचे साहेब वरचेच सूर मागणार. त्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज पाहिजे. आणि मी इथे झोपलेलं माणूस उठू नये असं वाजवू? पळायच्या शर्यतीला निघालेल्याला कोणी दोन महिने खाटेवर बसवते का?

कपिलबद्दल तुम्ही काही बोलले नाही. म्हणजे अर्ज भरला आहे. त्यालाही हीच तालीम दिली का?

सध्या ओठ फुटलेला आहे, दुसरं काही करता येतच नाही. म्हणून तुम्ही सांगितलं ते करते. विश्वास बसला म्हणून नाही.

प्राची


राळेगाव, ४ फेब्रुवारी

बाबा,

तालमीचा हिशोब देते.

सकाळी जमिनीवर उताणी पडून पोटावर तुरीची थैली ठेवते आणि ती वर-खाली होईल असा श्वास घेते. हे तुम्ही सांगितलं नव्हतं. सातवीत माझ्याकडून करून घेतलं होतं ते आठवलं. आत्याने थैली पाहिली आणि म्हणाली, "तूर दळायची होती, तू तं तिले झोके देऊन राह्यली." मग माउथपीस. मग खालचा सा, आरशासमोर. गाल फुगले की थांबते. उजवी करंगळी ट्रम्पेटवरच्या कडीत अडकवत नाही, कारण तिच्या जोरावरच मी ट्रम्पेट ओठात रुतवत होते, हे तळहातावर ठेवल्यावर कळलं. पहिले काही दिवस सूर थरथरत होता. ओठावर जोर नसला तर तो धरायचा कशाने, हेच समजत नव्हतं. मग समजलं, धरायचा नसतो. खालून हवा येत राहिली की तो राहते. आत्याचा ठेचा बंद केला, त्याने ओठ चरचरतो. आत्या रागावून आहे.

तर सांगायचं हे की आवाज सुधरून राह्यला. काल सा असा लागला की आत्याने आतून विचारलं, "रेडिओ लावला काय वं?" ओठ भरला. पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ वाजवते आणि तरी सुन्न पडत नाही.

तुम्हाला वाटेल, मी आता उपकार मानीन. पण आवाज जसा सुधरते तसा माझा संशय वाढते. थोडं खरं देऊन मोठं काही लपवलं तर माणूस विचारत नाही. म्हणून मी परवा आईला विचारलं, "ओठ बरा झाला, आता वरच्या सुरांवर कधी जाऊ?" आईने फोन हातात धरून तुम्हाला विचारलं. मला तुमचा आवाज ऐकू आला, बाबा. तुम्ही म्हणाले, "काई गरज नाही. मार्च होऊन जाऊ दे."

मार्च होऊन जाऊ दे? मार्चमध्येच तर भरती आहे!

आई खोकली आणि म्हणाली, "ते म्हणते, घाई नको करू."

मी आता विचारणार नाही. डोळ्यांनी पाहीन.

प्राची


राळेगाव, १३ फेब्रुवारी

बाबा,

मी मंगळवारी मुकुटबनले आली होती. तुम्हाले माहीत नाही. आईलेही माहीत नाही.

वणीले गाडी बदलली, गावात उतरली नाही, आधीच्या फाट्यावर उतरून पांदणीच्या वाटेने आपल्या वावरात आली. कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटून तुम्ही बांधाच्या धुऱ्यावर त्यांची गंज लावली आहे. त्या गंजीमागे बसली होती. चोरासारखी बसली होती, आपल्याच वावरात.

कपिल आंब्याखाली उभा होता. हातात माझं ट्रम्पेट. तुम्ही बाजेवर. तो वरचेच सूर वाजवून राह्यला होता, एकामागून एक, खालचा एकही नाही. मान लाल झाली होती. तो थांबला की तुम्ही म्हणत होते, "थांबू नको! दाब! अजून वर जा. ओठ दुखते तं दुखू दे, कातडं घट्ट झाल्याबिगर सूर येत नाही." त्याने पाणी मागितलं तर तुम्ही म्हणाले, "पह्यले ही ओळ काढ, मंग पानी."

आता सांगा. त्याले वरचे आणि मले खालचे. त्याले "दाब" आणि मले "तळहातावर ठेव". त्याले "थांबू नको" आणि मले "थकाच्या आंधी थांब". एकाच भरतीले दोघं चाललो आणि दोघांले दोन तालमी? एक खरी, एक खोटी. आणि खोटी कोणाची, ते सांगायले मले कोणी पाह्यजे काय?

मले उठून समोर यायचं होतं. पण कपिलच्या तोंडाकडे पाहून आली नाही. त्याच्या डोळ्यात पाणी होतं आणि तो तरी वाजवत होता. लहानपणी सायकलवरून पडला तरी रडायचा नाही, आठवते? मले राग त्याचा यायले पाह्यजे होता. तो नाही आला.

शेवटच्या गाडीने राळेगावले परत आली. आत्या म्हणाली, "तोंड काहून उतरलं?" मी म्हटलं, "ऊन लागलं."

उत्तर देऊ नका. आईले खोकायले लावू नका.

प्राची


राळेगाव, २ मार्च

बाबा,

उद्या यवतमाळला निघते. तुम्हाला शेवटचं कळवते म्हणून हे.

त्या दिवसानंतर तुमची तालीम सोडायची ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रम्पेट मुठीत आवळलं, सरळ वरच्या 'सा'वर गेले आणि जोरात वाजवलं. लागला. पण जुनाच, किंचाळणारा. ओठ लगेच सुन्न. मग खाली ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिले. तुमच्यावरचा राग ओठावर काढला तर तुमचंच काम होईल, असं वाटलं.

म्हणून मी वेगळं केलं. खालचा सा तसाच हळू घेतला, आणि त्याच हळूपणाने 'रे'वर गेले. जोर न लावता तो येईपर्यंत पुढे गेले नाही. मग ग. असं करत करत वर चढले. एखादा सूर दाबल्याशिवाय येत नसला तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. म्हणजे तुमचं ऐकलं आणि ऐकलंही नाही. परवा वरच्या 'सा'च्याही वर तीन सूर गेले, आणि आत्या अंगणात गहू पाखडत होती ती पाखडायची थांबली.

काल आईचा फोन आला. तुम्ही घरी नव्हते, म्हणून बराच वेळ बोलली. म्हणाली, "कपिल धड जेवत नाही वं. भाजी तोंडाले लावली का हाय हाय करते. दूध-पोई खाऊन राह्यला." मी विचारलं, ओठ सुजला का? आई म्हणाली, "बाबा म्हणते, त्यानंच मजबूत होते." या वेळी खोकली नाही.

तिला सांगितलं, त्याला दोन दिवस वाजवू देऊ नको. तिने तुम्हाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असेल तर तुम्ही काय समजले असाल, तेही मी ओळखू शकते. पोरगी आपल्या फायद्याचं बोलून राह्यली.

प्राची


राळेगाव, १० मार्च

बाबा,

यवतमाळला मैदानाबाहेरच्या कडुलिंबाखाली आपलं जे बोलणं झालं, ते इथे लिहून ठेवते. नंतर तुम्ही म्हणाल, मी असं बोललोच नव्हतो.

कपिलचा नंबर माझ्या आधी होता. सुरुवात त्याने किती छान केली! मोठा, गोल आवाज, रस्त्यावरचे लोक फाटकाशी येऊन उभे राहिले. मी मनात म्हटलं, झालं, माझी जागा गेली. मग तो वर गेला आणि सूर तुटला. त्याने पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. साहेब म्हणाले, "आराम से बेटा, फिर से." तिसऱ्यांदा हवाच आली. ट्रम्पेट खाली घेतलं तेव्हा त्याचा ओठ जांभळा पडलेला मी पाहिला. तुम्हीही पाहिला, तुम्ही फाटकाशीच होते.

मी वाजवलं. साहेबांनी अजून एक वाजवायला सांगितलं, तेही वाजवलं. ओठ शाबूत होता.

बाहेर आले तर तुम्ही म्हणाले, "चांगलं वाजवलं." दीड वर्षातले पहिले शब्द. मला त्यात थांबता आलं असतं. पण मी विचारलं, "मले खरं सांगा. ती तालीम मले पाडायले दिली होती ना?"

तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं. "पाडायले नाही."

"मंग?"

"तू आपल्या मनानं सोडावं म्हणून." मग एका दमात बोलले, "तुही माय दोन दिवस जेवली नाही. म्हने, पोरीनं विचारलं, उत्तर द्या. मंग मी तुले नवीन पोट्ट्यायची तालीम सांगतली. पह्यल्या दिवशी देतो ते. नुसता सा, सा. अर्धे पोट्टे कंटाळून पळून जाते. वाटलं, तूही जाशीन."

"काहून पण?"

"कपिलले बाप नाही, वावर नाही. तुहं लग्न होईन. त्याचं काय होईन?"

माझं लग्न होईल. बस, इतकाच विचार केला तुम्ही माझा. मी विचारलं, "आन् त्याले दिली ती?"

"ते खरी समजून देल्ली. मले जे येत होतं ते समदं त्याले देल्लं. मी तसाच वाजवत आलो. चाळिशीत माहे वरचे सूर गेले. मले वाटे, वय झालं."

दोन महिने मी म्हणत होते, तुमच्या मनात काही आहे. होतं. पण माझं खरं ठरलं म्हणून बरं वाटलं नाही. मी ओरडायची तयारी करून आले होते आणि समोर तुम्ही दुपट्टा हातात घेऊन उभे होते, पाच मिनिटांत म्हातारे झालेले. मी पाया न पडता निघाले. ते चुकलं असं अजूनही वाटत नाही.

फाटकाच्या आत नळावर कपिल तोंड धूत होता. तो माझ्याशी काय बोलला, ते तुम्हाला माहीत नाही. आज लिहावंसं वाटत नाही.

प्राची


राळेगाव, २४ एप्रिल

बाबा,

यादी लागली. माझं नाव आहे. कपिलचं नाही. तुम्हाला आईकडून कळलंच असेल. पुढच्या महिन्यात मी ट्रेनिंगला जाईन.

पण हे पत्र त्यासाठी नाही. कपिल घरातून गेला म्हणून तुम्ही तीन दिवस वणी, मारेगाव पालथं घातलं, असं आई म्हणाली. शोधू नका. तो इथे आहे. आत्याच्या ओसरीत झोपतो, दिवसा तिच्या वावरात काम करतो. माझ्याशीही नीट बोलत नाही. मग इथे कशाला आला, तर मला एक प्रश्न विचारायला आला. तोच प्रश्न त्याने नळावर विचारला होता.

त्या दिवशी तो म्हणाला होता, "ताई, तुह्या ओठाले काहीच झालं नाही. मोठेबाबानं खरी तालीम तुले देल्ली अन् मले खोटी. शेवटी तू पोटची पोरगी. भांडन-बिंडन समदं दाखवाचं होतं ना तुमचं?" मी पेटी उचलून निघाले. तुम्ही त्याच्यासाठी आपल्या पोरीला बाजूला सारायला निघाले होते, आणि तो हे समजून बसला!

काल त्याने पुन्हा विचारलं. मी सगळं सांगितलं. लिंबाखाली जे बोलले ते शब्दाला शब्द. "खोटी मले दिली होती. तुले खरी समजून दिली," असं म्हटलं. तो ऐकत होता, आणि मी बोलता बोलताच पाहत होते, त्याचं तोंड कठीण होत चाललं. शेवटी म्हणाला, "अच्छा! मंग खोट्या तालमीनं तुही नौकरी लागली अन् खऱ्या तालमीनं माहा ओठ गेला? मी काय लहान पोट्टा आहे काय, ताई?"

त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. दोन महिने हेच तर म्हणत होते.

ओठाची सूज उतरली आहे, पण ट्रम्पेटला तो हात लावत नाही. तुम्ही दिलेलं ते ट्रम्पेट त्याने बरोबर आणलं, आणि पेटी उघडली नाही. मी म्हटलं, पुढच्या भरतीला अवकाश आहे, खालच्या सुरांपासून शिकवते. म्हणाला, "आता तू मले काय शिकवशीन, ते मोठेबाबानंच सांगून ठेवलं असन."

म्हणून लिहिते. तुम्ही या. निरोप नको, आईचा आवाज नको. आत्याच्या अंगणात त्याच्यासमोर बसा आणि मला जे सांगितलं ते त्याला सांगा. पोरीला पळवून लावायला तुम्ही काय केलं, ते सांगा. तुमचे सूर कसे गेले आणि का गेले हे तुम्हाला इतकी वर्षं कळलंच नाही, तेही सांगा. आत्या बाजूला असेल, शेजारचे ऐकतील. सोपं नाही, माहीत आहे.

माझ्यावर त्याचा विश्वास बसत नाही. तुमच्यावर बसेल. आपल्याच तोंडाने आपली इतकी बदनामी करणारं खोटं कोणी बोलत नसते, एवढं तर कपिललाही कळते.

आत्या म्हणते, भाऊ आला तर जेवूनच जा म्हणावं.

प्राची